मॅक्सवेलनं दारावर एक अदृश्य पहारेकरी बसवला, तो आज तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ड्युटी करतोय

कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी असते. टर्मिनल म्हणतात तिला. तिच्यात कमांड टाइप करायची, एंटर मारायचं, की प्रोग्रॅम सुरू. तो फोटोंचा बॅकअप घेणारा असेल, घरच्या वायफायवर फाइली शेअर करणारा असेल, नाहीतर दर दहा मिनिटांनी एखादी वेबसाइट तपासणारा असेल. बिचारा इमानेइतबारे काम करत असतो.

मग तुम्ही ती खिडकी बंद करता आणि प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो.

असं का होतं? त्याचं कारण जुनं आहे. एकेकाळी मोठ्या कॉम्प्युटरला लोक टेलिफोनच्या लाइनवरून जोडले जायचे. लाइन कट झाली की कॉम्प्युटर प्रोग्रॅमला निरोप द्यायचा की समोरच्यानं फोन ठेवलाय, आता तूही आवरतं घे. लिनक्स आणि मॅकमध्ये खिडकी बंद केल्यावर आजही तोच निरोप जातो. त्याचं नावसुद्धा हँगअप सिग्नल असंच आहे.

यावरचा पक्का उपाय म्हणजे प्रोग्रॅमला खिडकीपासून सोडवायचं आणि बॅकग्राउंड सर्व्हिस करून टाकायचं. मग तो पडद्यामागे चालतो. खिडकी नाही, बटण नाही, कुणी समोर बसलेलं नाही, तरी काम चालू. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आत्ता असे कितीतरी प्रोग्रॅम चालू आहेत. कुणी घड्याळ बरोबर ठेवतोय, कुणी वायफाय सांभाळतोय, कुणी प्रिंटरची वाट बघत बसलाय.

विंडोजमध्ये यांना सर्व्हिस म्हणतात. लिनक्स आणि मॅकच्या दुनियेत मात्र यांचं नाव आहे डीमन.

आता डीमन म्हटल्यावर सैतान डोळ्यासमोर येतो, पण इथं सैतानाचा काही संबंध नाही. मूळ शब्द ग्रीक आहे. देव आणि माणूस यांच्या मधला, न दिसता काम करणारा कुणीतरी, असा त्याचा अर्थ. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गावाचा राखणदार कुणी पाहिलेला नसतो, पण तो आहे यावर गावाचा भरवसा असतो. तसंच हे.

पण कॉम्प्युटरवाल्यांनी हा शब्द थेट ग्रीक पुराणातून उचलला नाही. त्यांनी तो घेतला एका स्कॉटिश शास्त्रज्ञाकडून. हा शास्त्रज्ञ १८७९ मध्येच वारला होता. तेव्हा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर यायला अजून साठेक वर्षं बाकी होती.

त्याचं नाव जेम्स क्लर्क मॅक्सवेल.

१३ जून १८३१ रोजी स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरात त्याचा जन्म झाला. घराचा पत्ता होता १४, इंडिया स्ट्रीट. वडील जॉन क्लर्क मॅक्सवेल पेशानं वकील, पण जीव रमायचा यंत्रांत आणि शेतीत. आई फ्रान्सिस. घरची जमीन दक्षिण स्कॉटलंडमध्ये होती. तिथं वडिलांनी ग्लेनलेअर नावाचं घर बांधलं आणि जेम्सचं बालपण तिथंच गेलं.

पोरगं तीन वर्षांचंही झालं नव्हतं, तेव्हा त्याच्या आईनं आपल्या बहिणीला एक पत्र लिहिलं. पोराचं दिवसभर काय चालतं, ते त्यात सांगितलंय. त्याला दारं, कुलपं आणि किल्ल्या यांचं वेड लागलं होतं. कुठलीही वस्तू दिसली की ती कशी चालते हे दाखवा म्हणून तो मागे लागायचा. तेव्हाच्या मोठ्या घरांत खोलीतली दोरी ओढली की स्वयंपाकघरात घंटा वाजायची. मधली तार भिंतीच्या आत लपलेली असायची. पोरगं त्या लपलेल्या तारेचा माग काढत घरभर फिरायचं. तळ्यातलं पाणी भिंतीखालून कुठं जातं, तेही त्याला बघायचं असायचं.

थोडक्यात काय, तर समोर दिसतंय त्यापेक्षा मागे काय चाललंय, यात त्याला रस होता. पुढं आयुष्यभर त्यानं तेच केलं.

जेम्स आठ वर्षांचा असताना, डिसेंबर १८३९ मध्ये, त्याची आई पोटाच्या कॅन्सरनं गेली. तोपर्यंत तीच त्याला शिकवत होती. मग घरी एक तरुण शिक्षक ठेवला. पोरगं मंद आहे असं ठरवून तो शिक्षक मारहाण करायचा. शेवटी वडिलांनी त्याला काढून टाकलं आणि १८४१ मध्ये जेम्सला एडिनबरा अकॅडमी या शाळेत घातलं.

तिथंही पहिला दिवस वाईटच गेला. अंगावर घरी शिवलेला कोट, पायात वडिलांनी स्वतः डिझाइन केलेले बूट, बोलण्यात खेड्यातला हेल. शहरी पोरांनी त्याला घेरलं, कपडे फाडले आणि नाव ठेवलं डॅफ्टी. आपल्याकडं वेडपट म्हणतात तसं. हे नाव त्याला बरीच वर्षं चिकटलं.

या डॅफ्टीनं चौदाव्या वर्षी गणिताचा शोधनिबंध लिहिला. खुंट्या आणि दोरा वापरून अंड्याच्या आकाराच्या वक्ररेषा कशा काढायच्या, हा त्याचा विषय. १८४६ मध्ये एडिनबराच्या रॉयल सोसायटीत तो वाचला गेला. पण वाचला दुसऱ्यानं, प्राध्यापक जेम्स फोर्ब्स यांनी. कारण लेखक एवढा लहान होता की विद्वानांच्या सभेत त्याला उभं करणं बरं दिसलं नसतं.

त्याच शाळेत त्याला एक मित्र भेटला, पीटर गथ्री टेट. या दोघांची दोस्ती शेवटपर्यंत टिकली. आपल्या डीमनचा जन्मही या दोस्तीतूनच होणार आहे, म्हणून हे नाव लक्षात ठेवा.

एडिनबरा विद्यापीठ झालं, मग १८५० मध्ये केंब्रिज. १८५४ मध्ये तिथल्या गणिताच्या अवघड परीक्षेत तो दुसरा आला. १८५६ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी, अॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजमध्ये त्याला प्राध्यापकाची नोकरी लागली. नेमके त्याच वर्षी एप्रिलमध्ये वडील गेले.

अॅबर्डीनमध्ये असताना त्यानं शनीच्या कड्यांचं कोडं सोडवलं. ही कडी कशाची बनलीत, यावर केंब्रिजनं बक्षीस लावलं होतं. मॅक्सवेलनं गणितानं दाखवलं की कडं अखंड घन असतं तर ते टिकलंच नसतं, आणि द्रवाचं असतं तर ते फुटून गोळे झाले असते. म्हणजे ती असंख्य सुट्या तुकड्यांचीच असणार. १८५७ मध्ये बक्षीस त्याला मिळालं. १९८० आणि १९८१ मध्ये व्हॉयेजर यानं शनीजवळून गेली, तेव्हा त्यांनी पाठवलेल्या फोटोंनी त्याचं म्हणणं खरं असल्याचं दाखवलं.

१८५८ मध्ये त्यानं कॉलेजच्या प्राचार्यांची मुलगी कॅथरीन ड्यूअर हिच्याशी लग्न केलं. म्हणजे प्राचार्य झाले सासरे. आता नोकरी पक्की, असं कुणालाही वाटेल.

पण १८६० मध्ये अॅबर्डीनची दोन कॉलेजं एकत्र करून एक विद्यापीठ करायचं ठरलं. एकाच विषयाला दोन प्राध्यापक झाले आणि त्यातला मॅक्सवेल वयानं लहान. नोकरी त्याची गेली. मग त्यानं एडिनबरा विद्यापीठात अर्ज केला. तिथली जागा मिळाली त्याच्या दोस्ताला, टेटला. पाठोपाठ त्याला देवी आल्या. तेव्हा देवी म्हणजे जिवाशी गाठ. कॅथरीननं त्याची शुश्रूषा केली आणि तो वाचला.

त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये त्याला काम मिळालं. तिथली पाच वर्षं ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात जोरदार वर्षं ठरली.

मे १८६१ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोकांना एक रंगीत फोटो दाखवला. चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाच्या रिबनीचा फोटो होता तो. छायाचित्रकार थॉमस सटन यांनी रिबनीचे तीन फोटो काढले होते, लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून. तिन्ही त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक टाकले आणि रंग उमटले. आज तुमच्या मोबाइलची स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा याच तीन रंगांच्या ठिपक्यांवर चालते.

याच काळात त्यानं वीज आणि चुंबकत्व एका गणितात बांधलं. त्या गणितातून विजेच्या लाटांचा वेग निघाला. तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जवळजवळ जुळत होता. मॅक्सवेलला कळलं की प्रकाश हीसुद्धा वीज आणि चुंबकत्वाचीच लाट आहे. १८६५ मध्ये हे छापून आलं. त्याला पुरावा मिळाला तो हाइनरिश हर्ट्झच्या प्रयोगांत, १८८७-८८ मध्ये. रेडिओ, टीव्ही, मोबाइल, वायफाय हे सगळं त्यानंतरचं.

हे मोठं काम चालू असताना घरात आणखी एक प्रयोग सुरू होता. लंडनच्या घराच्या माळ्यावर मॅक्सवेल हवा आणि इतर वायू किती चिकट असतात हे मोजत होता. त्यासाठी खोलीचं तापमान एकसारखं ठेवावं लागायचं. शेगडीजवळ बसून जाळ सांभाळायचं काम कॅथरीन करायची. निबंधावर नाव मॅक्सवेलचं, पण खोलीचं तापमान तिच्या हातात.

वायूंवरच्या या कामातूनच पुढं आपला डीमन निघाला. तो समजून घेऊ, अवघड नाहीये.

गरम चहा टेबलावर ठेवला की गार होतो. गार झालेला चहा आपोआप गरम होत नाही. उष्णता नेहमी गरमाकडून गारकडे जाते. उलटं करायचं तर गॅस पेटवावा लागतो, किंवा फ्रिजसारखी वीज जाळावी लागते. हा निसर्गाचा मोठा नियम आहे. उष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणतात त्याला.

मॅक्सवेलला मात्र एक गोष्ट माहीत होती. वायूतले रेणू सगळे एकाच वेगानं पळत नाहीत. काही सुसाट, काही संथ, बरेचसे मधले. आपण ज्याला तापमान म्हणतो ती या गर्दीची सरासरी असते.

११ डिसेंबर १८६७ रोजी त्यानं टेटला पत्र लिहिलं आणि त्यात एक कल्पना मांडली. समजा हवेनं भरलेल्या दोन खोल्या आहेत. मधल्या भिंतीला एक छोटंसं दार आहे आणि दारावर एक चिमुकला पहारेकरी बसलाय. त्याची नजर एवढी तेज की एकेक रेणू त्याला दिसतो. डावीकडून वेगवान रेणू आला की तो दार उघडतो आणि त्याला उजवीकडे सोडतो. उजवीकडून संथ रेणू आला की त्याला डावीकडे सोडतो. बाकीच्यांना दार बंद.

थोड्या वेळानं काय होईल? उजवी खोली तापेल, डावी गार पडेल. गॅस नाही, वीज नाही, कुणी ढकलाढकल केली नाही. पहारेकऱ्यानं फक्त लक्ष ठेवलं आणि दाराची उघडझाप केली.

ज्या पोराला लहानपणी दारं आणि कुलपं सोडवत नव्हती, त्यानं मोठेपणी निसर्गाच्या सगळ्यात कडक नियमाला दारावरच अडवलं.

त्याला हा नियम खोटा ठरवायचा नव्हता. हा नियम गर्दीचा आहे, एकेका रेणूचा नाही, एवढंच त्याला दाखवायचं होतं. आपल्याला एकेक रेणू पकडता येत नाही, म्हणून आपल्यापुरता नियम पक्का. १८७१ मध्ये त्यानं उष्णतेवरच्या आपल्या पुस्तकात ही कल्पना सगळ्यांसमोर आणली.

पण मॅक्सवेलनं या पहारेकऱ्याला डीमन म्हटलं नव्हतं. ते नाव दिलं विल्यम थॉमसननं, १८७४ मध्ये. हाच पुढं लॉर्ड केल्विन म्हणून ओळखला गेला. डीमन म्हणजे दुष्ट शक्ती नव्हे, हेही थॉमसननं नंतर सांगितलं. मॅक्सवेलला ते नाव फारसं पसंत नव्हतं. टेटला लिहिलेल्या एका टिपणात त्यानं सुचवलं की याला डीमन म्हणण्यापेक्षा झडप म्हणा, म्हणजे पाण्याच्या पंपात असते तशी. पण झडप कोण लक्षात ठेवतंय? डीमनच गाजला.

या तिघांचा एक गमतीशीर किस्सा आहे. ते एकमेकांना पोस्टकार्डं पाठवायचे आणि नावं शॉर्टकटमध्ये लिहायचे. थॉमसन म्हणजे टी, टेट म्हणजे टी डॅश. मॅक्सवेलची सही तर भारीच होती. टेटच्या पुस्तकात उष्णतेचं एक समीकरण होतं. त्याच्या एका बाजूला जे, सी, एम ही अक्षरं होती, म्हणजे मॅक्सवेलच्या नावाची आद्याक्षरं. मग मॅक्सवेल समीकरणाची दुसरी बाजू सही म्हणून वापरायचा, डीपी भागिले डीटी. दीडशे वर्षांपूर्वी पठ्ठ्यानं स्वतःला डीपी लावून घेतला होता.

१८६५ मध्येच त्यानं लंडनची नोकरी सोडली होती आणि तो ग्लेनलेअरला राहायला गेला होता. तिथूनच १८६८ मध्ये त्यानं गव्हर्नर या यंत्रावर निबंध लिहिला. हाही आपल्या विषयाला अगदी जवळचा आहे.

वाफेच्या इंजिनावर गव्हर्नर नावाची फिरत्या गोळ्यांची जोडी असायची. इंजिन जोरात पळायला लागलं की गोळे बाहेर फाकायचे आणि वाफ कमी व्हायची. इंजिन मंदावलं की गोळे आत यायचे आणि वाफ वाढायची. माणूस उभा करायची गरज नाही. पण काही गव्हर्नर जरा जास्तच उत्साही असायचे. वेग थोडा वाढला की ते एकदम दाबायचे, मग वेग फार कमी व्हायचा, मग एकदम सोडायचे. इंजिन हेलकावे खात राहायचं. गव्हर्नर कधी शांतपणे काम करेल आणि कधी हेलकावे खाईल, हे मॅक्सवेलनं गणितानं शोधलं. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी आपल्या नव्या शास्त्राला सायबरनेटिक्स हे नाव दिलं, तेव्हा त्यांनी मॅक्सवेलच्या या निबंधाचा मान म्हणून आवर्जून उल्लेख केला.

१८७१ मध्ये केंब्रिजनं त्याला परत बोलावलं. नवी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी करायची होती. इमारतीपासून उपकरणांपर्यंत सगळं त्यानं जातीनं बघितलं आणि १८७४ मध्ये प्रयोगशाळा सुरू झाली. इलेक्ट्रॉनचा शोध पुढं याच प्रयोगशाळेत लागला.

शेवटच्या काही वर्षांत त्यानं आपला बराच वेळ एका दुसऱ्या माणसासाठी दिला. हेन्री कॅव्हेंडिश हा शास्त्रज्ञ १८१० मध्ये वारला होता. विजेवरचे त्याचे कितीतरी प्रयोग कागदांतच पडून राहिले होते. मॅक्सवेलनं ते कागद वाचले, त्यातले प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि १८७९ मध्ये ते पुस्तकरूपात छापले. याच काळात कॅथरीन वरचेवर आजारी असायची. तेव्हा तिच्या उशाशी बसायचं काम मॅक्सवेल करायचा.

१८७९ मध्येच त्याला पोटाचा कॅन्सर असल्याचं कळलं. आईला झालेला तोच आजार. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी केंब्रिजमध्ये तो गेला. वय ४८, म्हणजे आई गेली साधारण त्याच वयात. ग्लेनलेअरजवळच्या पार्टन गावातल्या चर्चच्या आवारात, आईवडिलांशेजारी त्याला पुरलं. त्याला मूलबाळ नव्हतं. थॉमसनला आधी सर आणि मग लॉर्ड पदवी मिळाली, मॅक्सवेलला यातलं काहीच मिळालं नाही.

आता येऊ अमेरिकेत, १९६३ मध्ये.

मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमध्ये प्रोजेक्ट मॅक नावाचं काम सुरू झालं होतं. फर्नांडो कॉर्बातो यांची टीम आयबीएमच्या ७०९४ या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करत होती. तोपर्यंत कॉम्प्युटर म्हणजे एका वेळी एकाचं काम, बाकीचे रांगेत. यांनी एकाच मशीनवर एकाच वेळी अनेकांना बसवलं.

पण अनेक लोक आले की काही कामं कुणाचीच नसतात. सगळ्यांच्या फाइलींचा बॅकअप टेपवर घ्यायचा, तर तो कोण घेणार? मग त्यांनी असे प्रोग्रॅम लिहिले की जे कुणी न सांगता, मागच्या बाजूला, सतत ही हमाली करत राहतील. त्यांना नाव काय द्यायचं? टीमला मॅक्सवेलचा तो पहारेकरी आठवला. न थकता, न दिसता, दारावर बसून एकेकाला इकडून तिकडे सोडणारा. नाव पडलं डीमन. पहिला डीमन म्हणजे टेपवर आपोआप बॅकअप घेणारा प्रोग्रॅम, असं कॉर्बातो यांनी नंतर सांगितलं.

डीमन हा कुठल्यातरी लांबलचक इंग्रजी नावाचा शॉर्टफॉर्म आहे, असा एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. तो खोटा आहे. फुलफॉर्म लोकांनी नंतर जुळवलाय.

पुढं युनिक्स आलं, मग लिनक्स आणि मॅक. नाव टिकलं. अशा प्रोग्रॅमच्या नावाच्या शेवटी डी लावायची पद्धत पडली. दूरच्या मशीनवरून लॉगइन करू देणारा एसएसएचडी, ठरल्या वेळी काम उरकणारा क्रॉनडी.

आता हा डीमन तुमच्या कॉम्प्युटरवर कसा बसवायचा?

लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी सिस्टमडी नावाचा मुकादम असतो. त्याला एक छोटी फाइल लिहून द्यायची. कुठला प्रोग्रॅम चालवायचा, कधी सुरू करायचा आणि पडला तर परत उठवायचा का, एवढंच त्यात लिहायचं. मग सर्व्हिस सुरू करायची आणि दर वेळी आपोआप सुरू व्हावी म्हणून ती एनेबल करायची. फक्त स्वतःच्या अकाउंटपुरती सर्व्हिस केली असेल तर एक लक्षात ठेवा. तुम्ही लॉगआउट केलं की ती साधारणपणे थांबते. पुढंही चालू राहायला हवी असेल तर लिंगर नावाची सोय चालू करावी लागते.

मॅकमध्ये हेच काम लाँचडी करतो. तिथं दोन प्रकार आहेत. तुम्ही लॉगइन केल्यावर तुमच्यासाठी चालतो तो एजंट, आणि मशीन सुरू झाल्यापासून सगळ्यांसाठी चालतो तो डीमन. विंडोजमध्ये साधा कमांड लाइन प्रोग्रॅम थेट सर्व्हिस होत नाही, कारण सर्व्हिसला विंडोजच्या मुकादमाशी ठरावीक भाषेत बोलावं लागतं. मग मध्ये दुभाष्यासारखा छोटा प्रोग्रॅम लावतात, नाहीतर सरळ टास्क शेड्यूलर वापरतात.

इथं मॅक्सवेलचा गव्हर्नर आठवायला हवा. पडला की लगेच उठव, एवढंच मुकादमाला सांगितलं आणि प्रोग्रॅममध्येच गडबड असली, तर तो उठतो, पडतो, उठतो, पडतो. तोच हेलकावा. म्हणून सिस्टमडी १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून बघतो आणि मग नाद सोडतो. मूळ सेटिंग तसंच आहे. परत उठवण्याआधी काही सेकंद थांबायला सांगितलेलं बरं.

दुसरी गोष्ट, त्याला गरजेपेक्षा जास्त अधिकार देऊ नका. फाइली कॉपी करणाऱ्याला सगळ्या घराच्या किल्ल्या कशाला हव्यात? आणि लॉग बघत चला. खिडकी नसलेला प्रोग्रॅम ओरडला तरी ऐकू येत नाही. त्याची तक्रार लॉगमध्येच असते.

आता राहिला तो जुना प्रश्न. मॅक्सवेलचा पहारेकरी काहीही खर्च न करता खोली तापवतो, मग निसर्गाचा नियम मोडला का?

याचं उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. १९२९ मध्ये लिओ झिलार्ड यांनी दाखवलं की पहारेकऱ्याला आधी माहिती गोळा करावी लागते, गोम तिथंच आहे. १९६१ मध्ये आयबीएमच्या रोल्फ लँडॉअर यांनी सांगितलं की साठवलेली माहिती पुसायला ऊर्जा लागतेच आणि तिची उष्णता होते. १९८२ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. कुठला रेणू वेगवान, कुठला संथ, हे पहारेकऱ्याला लक्षात ठेवावं लागतं. कधीतरी त्याची वही भरते. ती पुसायला गेला की वाचवलेलं सगळं तिथं मोजावं लागतं. २०१२ मध्ये पुसण्याचा हा खर्च प्रयोगातही मोजला गेला.

म्हणजे नियम मोडलाच नाही. नुसतं लक्ष ठेवणंसुद्धा फुकट नसतं.

तुमच्या कॉम्प्युटरमधल्या डीमनचंही तसंच आहे. दिसत नाही म्हणून त्याचा खर्च होत नाही असं नाही. प्रत्येक जण थोडी मेमरी खातो, थोडी बॅटरी खातो. लॅपटॉप नुसता पडून असताना पंखा घोंगावत असेल, तर आत कुणीतरी राबतोय. टास्क मॅनेजर किंवा अॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून एकदा ती यादी बघा. कामाचे ठेवा, बिनकामाचे काढा. नवा बसवण्याआधी त्याला चोवीस तास जागं ठेवायची खरंच गरज आहे का, ते विचारा. दिवसातून एकदाच काम असेल तर ठरल्या वेळी उठून काम करून परत झोपणारा प्रोग्रॅम जास्त चांगला.

आणि यादीत नावाच्या शेवटी डी लागलेला कुणी दिसला, तर तो डी कुठून आला हे आता तुम्हाला माहीत आहे.